दार लोटून आंघोळ

"हात लावायचा नाही! हा छळ आहे!" आजोबा पलंगावरून गरजले आणि टॉवेल घेऊन आलेल्या ताई दारातच थबकल्या.

चूक वृद्धाश्रमाचीच. सेविकांचं प्रशिक्षण जेवणघरात ठेवलं आणि चहाच्या आशेने आजोबा मागे जाऊन बसले. नव्या ताई डुलक्या आवरत होत्या. आजोबांनी मात्र छळ, दुर्लक्ष, संमती, सन्मान सगळं तोंडपाठ केलं. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, नियम सांगून माणसाला गप्प करण्यात त्यांचा हातखंडा. तेव्हापासून आंघोळ बंद.

आज दुपारी त्यांची मुलगी येणार होती. जबरदस्ती केली तर छळ, सोडून दिलं तर दुर्लक्ष. ताईंची नोकरी अजून कच्ची होती आणि दोन्हीकडून तीच जाणार होती.

"चला ना आजोबा, नंतर बिस्किटं देते."

"आमिष! लिहून घ्या."

"मग निदान पावडर तरी लावू?"

"संमती नाही."

मॅनेजरबाई नाकाला पदर लावून डोकावल्या. "काहीही करा, पण नियमात बसवा," म्हणाल्या आणि सटकल्या.

ताई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना रडूच आलं. "छळ राहू द्या, दुर्लक्ष राहू द्या. आंघोळ का नको, एवढं तरी सांगा."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आजोबा भिंतीकडे बघत पुटपुटले, "तुम्ही न्हाणीघराचं दार उघडं ठेवता. बाहेरून माणसं जातात. लाज वाटते मला."

"अहो, तुम्ही पडलात तर कळायला नको?"

"मी बोलत राहतो. मग तर झालं?"

ठरलं. दार लोटायचं, कडी लावायची नाही. ताईंनी बाहेर दाराकडे पाठ करून उभं राहायचं.

मुलगी आली तेव्हा न्हाणीघरातून आवाज घुमत होता, "पुढे सरका! दारात गर्दी करू नका!" ती हसता हसता डोळे पुसू लागली. बाबांचा हा आवाज तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

तेवढ्यात आत एकदम शांतता. मुलगी दाराकडे झेपावली, ताई तिच्याही पुढे. हात दारावर गेला, पण शिकवलेलं आठवलं आणि ढकलण्याआधी त्यांनी घाईघाईने दोनदा ठोठावलं.

"साबण गेलाय डोळ्यांत!" आतून आजोबा कडाडले. "आणि डबल घंटी कंडक्टर देतो, प्रवासी नाही!"