मोंढ्यातून शार्प आणणारे मास्तर

हनीफ मास्तर कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला बाहेर काढतात, आणि वाट चुकले की थेट पडद्यालाच पत्ता विचारतात. "आरं बाबा, मोंढा कुठं गेला?" हा प्रश्न गेले काही महिने माझ्या दुकानात रोज ऐकू यायचा.

अंबाजोगाईत माझं लग्नपत्रिका आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मास्तर लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे अब्बा निजामाच्या पलटणीच्या बँडात पाच रेघांवर सूर लिहायला शिकले, आणि अब्बांच्या छडीखाली मास्तर शिकले. त्यांचा जोडीदार भास्कर, ट्रम्पेटवाला, लकवा मारल्यापासून धारूरला घरी पडून आहे. दोघांनी मिळून वरातीची एक धून बसवली होती. ती अर्धी मास्तरांच्या बोटांत, अर्धी भास्करच्या. कागदावर कुठंच नाही. भास्करला ऐकू येतंय, उमजतंय तोवर ती लिहून त्याच्याकडून तपासून घ्यायची, एवढाच मास्तरांचा ध्यास. मी भिडेखातर सूर लिहायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मास्तरांना त्या पडद्यावर अख्खं गाव दिसायचं. डावीकडच्या पट्टीत शार्प, फ्लॅट, विराम अशी सुरांची चिन्हं मालासारखी रचलेली, म्हणून तो मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार. वरची बटणांची ओळ म्हणजे मेन रोड. प्रत्येक वाद्याचा आवाज कमीजास्त करायची खिडकी म्हणजे पंचायत, कारण तिथं कुणालाही गप्प करता येतं. कागद सरकत सरकत नाहीसा झाला आणि नुसता करडा पडदा उरला, की मास्तर शांतपणे म्हणायचे, "आपण शिवाराच्या भाईर गेलतो बघ."

एकदा ते मोठ्यानं म्हणाले, "थांब, मोंढ्यातून घिऊन येतो." झेरॉक्सला आलेल्या एका शेतकऱ्यानं लगेच कान टवकारले. "आज काय भाव निघाला, चाचा?"

"फुकट हाय," मास्तर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "लागंल तितकं न्या."

त्या माणसाला मग मलाच समजवावं लागलं.

त्या सॉफ्टवेअरात सूर टाकायचं बटण एकदा दाबलं, की ते बंद करेपर्यंत प्रत्येक क्लिकला एक सूर पडतो. मास्तरांना तर बोलता बोलता माउसनं दाखवायची खोड. "हितं भास्कर श्वास घेतो, बघ," म्हणून ते टकटक करायचे, आणि बिचाऱ्या भास्करच्या श्वासाच्या जागी सुरांची गर्दी व्हायची. मी कळवळून सांगायचो, "मास्तर, आधी एस्केप दाबा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मांडव आल्याबिगर बँडवाला बाजा खाली ठिवत न्हाई."

शेवटी एकदाची धून लिहून झाली. मी ती वाजवून दाखवली. मला झकास वाटली, पण मास्तरांचं तोंड कडू झालं.

"ह्यो भास्कर न्हाई," ते म्हणाले. "ह्यो येळेवर येतोय."

भास्करकाका जन्मभर उशिरा आले. वरातीत नाचणाऱ्यांकडे बघण्यात त्यांचा सूर मागं राहायचा आणि मास्तर भर रस्त्यात त्यांचा उद्धार करायचे. ज्या खोडीपायी हयातभर भांडले, तीच आता मास्तर मोंढ्यातून विराम आणून आणून धुनेत बसवत होते. ट्रम्पेट जिथं जिथं सुरू होतो, तिथं तिथं. त्यापायी माझ्या दोन लग्नपत्रिका रखडल्या, पण त्यांना थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही.

मग लॅपटॉप घेऊन आम्ही माझ्या मोटारसायकलवरून धारूरला गेलो. काकूंनी भास्करकाकांना उशीला टेकवून बसवलं. अर्धा चेहरा ओघळलेला, पण मास्तर दिसताच उरलेला अर्धा हसला. धून सुरू झाली. क्लॅरिनेट पुढं निघून गेली आणि ट्रम्पेट मागनं धावत आला. भास्करकाकांनी हालणारा हात वर केला. मी धून थांबवली.

"चुकलं," ते मोठ्या कष्टानं म्हणाले. "मी लई... लवकर आलो."

लॅपटॉप मांडीवर ओढून मास्तरांनी आणखी विराम आणायला डावीकडच्या पट्टीवर माउस नेला. तिथंच बराच वेळ फिरवत राहिले. मी दाराकडं बघत बसलो.

"तूच आण बाबा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी माउस माझ्याकडं सरकवला. "मला काय दिसंना."