डावीकडे, घट्ट होईपर्यंत

ब्रॉनविन टास्करला त्या शनिवारी फक्त झोपायचं होतं. तेरा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, ती ह्यूऑनच्या खोऱ्यातल्या एका पॅकिंग शेडमध्ये फिरत्या पट्ट्यासमोर उभी राहून सफरचंदं निवडत होती. डोळे मिटले तरी सफरचंदं पुढे सरकत राहायची, आणि त्यातलं डागाळलेलं एखादं उचलायला तिचा हात झोपेतही हलायचा. शुक्रवारी हंगाम संपला. सोमवारी सकाळी सहाला सॅल्मन माशांच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. मधले दोन दिवस तिने झोपेच्या नावावर लिहून ठेवले होते. शेगडीत रात्रभर पुरेल असा ओंडका घातला होता, फोन उशीखाली नव्हे, तर बुटाच्या कपाटात ठेवला होता.

साडेदहाला दार वाजलं. दारात तिची धाकटी बहीण ओडेट, रात्रीच्या बोटीने मेलबर्नहून आलेली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात झाडू.

"फोन का उचलत नाहीस? मी तुझी काळजी घ्यायला आलेय."

"मी झोपले होते."

"तेच म्हणतेय मी. नुसतं झोपून थकवा जात नाही, ब्रॉन. तो घरात साचतो."

ओडेट एका दंतवैद्याकडे पगारपत्रकं करायची. गेल्या तीन महिन्यांत तिने 'चेटकिणीचा शरद' नावाचा अभ्यासक्रम घरबसल्या पुरा केला होता. शरद संपता संपता चेटकिणी स्वतःला कशा जपतात, त्याची पद्धतशीर शिकवणी. प्रमाणपत्र तिने टोपलीतच आणलं होतं.

"चेटकीण म्हणजे वाईट नाही गं. जिला ऋतू कळतो ती चेटकीण."

"ऋतू मलाही कळतो. सफरचंदं संपली, थंडी पडली. आता मी आत जाते."

"दोन तास दे मला. फक्त दोन."

आपल्या माणसाला दोन तास नाही म्हणणं जिवावर येतं, हा ब्रॉनविनच्या स्वभावातला जुना दोष होता. तिने दिले.

पहिलं काम झाडण्याचं. सरता हंगाम घराबाहेर जायला हवा, म्हणून ओडेटने पुढचं दार, मागचं दार आणि सातही खिडक्या उघडल्या. बाहेर सहा अंश होते. थोड्याच वेळात आतही सहा अंश झाले. झाडू डावीकडून गोल गोल फिरवत ती खोलीभर हिंडली, ब्रॉनविनच्या पलंगाखालीही शिरली, आणि तिथला मोजा घेऊन बाहेर आली.

"हे बघ काय साचलं होतं!"

"तो मी शोधत होते. दे इकडे."

दुसरं काम पानाचं. जे सोडून द्यायचंय ते वाळक्या पानावर लिहून मेणबत्तीवर जाळायचं, कुणाला दाखवायचं नाही. ब्रॉनविनने लिहिलं आणि ज्योतीवर धरलं, पण पान दवाने ओलं होतं. ते नुसतंच धुमसलं. ओडेटने मदतीला म्हणून हातात घेतलं आणि वाचलं. पानावर 'पाहुणे' असं लिहिलं होतं.

"मी पाहुणी नाही, बहीण आहे," असं म्हणून ओडेट पुढच्या कामाला लागली.

तिसरं काम स्नानाचं. मीठ, रोझमेरी, सफरचंदाच्या साली आणि आकाशातून आलेलं पाणी. खोऱ्यातल्या वरच्या घरांना नळयोजना नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं आणि पंपाने घरात येतं. म्हणजे घरातलं थेंबन् थेंब आकाशातूनच आलेलं. पण ओडेटला ते चालेना.

"पंपातून आलेलं नको. घाबरलेलं असतं ते."

ब्रॉनविन गाऊनवर कोट चढवून टाकीपाशी गेली. टाकीच्या तळाशी पितळी चाकाचा व्हॉल्व्ह होता, आणि त्याला उतारावरच्या कुरणात जाणारी लांब नळी. तिने व्हॉल्व्ह जेमतेम पाव फेरा उघडला, नळीचं टोक ओढून ओडेटच्या बादलीत दिलं.

"भरून झालं की नळी खाली टाक आणि चाक उजवीकडे फिरवून बंद कर. या शरदात पाऊस नाही. टाकीत सहा हजार लिटर आहे, ते मला जूनमधल्या हिवाळी पावसापर्यंत पुरवायचंय. कळलं?"

"कळलं गं. जा तू, पड."

ती चार वेळा पलंगापर्यंत पोचली. पहिल्यांदा ओडेटला मोठं पातेलं सापडेना. दुसऱ्यांदा ते एकटीला शेगडीवर चढवता येईना. तिसऱ्यांदा मीठ जाडं हवं की बारीक, असा प्रश्न होता, जणू काही ब्रॉनविननेच तो अभ्यासक्रम केला होता. चौथ्यांदा तर तिने पांघरूण अंगावर घेतलंही होतं. तेवढ्यात दाराशी ओडेट.

"टब भरला. आता मौन."

"मौन म्हणजे झोपेतही चालेल ना?"

"नाही. ताठ बसून. पश्चिमेकडे तोंड करून. सूर्य मावळेपर्यंत एक शब्द नाही, मग स्नान. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे."

"दोन तास केव्हाच झाले, ओडेट."

"स्वतःला वेळ देताना घड्याळ बघतेस, म्हणून तर ही अवस्था."

मग दोघी बसल्या. ब्रॉनविनची मान तिसऱ्याच मिनिटाला पुढे पडली, आणि ओडेटने ती दोन बोटांनी हळुवार वर केली. पुढचे दोन तास हेच. माणसाची मान किती जड असते आणि बहिणीची बोटं किती जागरूक असतात, हे ब्रॉनविनला त्या दुपारी नेमकं कळलं.

सव्वाचारच्या सुमाराला मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. आधी घरघर, मग किंचाळी. तो पंप होता, आणि पंप असा एकाच कारणाने ओरडतो. ब्रॉनविन ताडकन उठली. ओडेटने ओठांवर बोट ठेवून तिला खाली ओढलं. ब्रॉनविनने भिंतीकडे बोट दाखवलं. ओडेटने सूर्याकडे बोट दाखवलं. ही खाणाखुणांची झटापट चालू असतानाच मागचं दार धाडकन उघडलं आणि शेजारच्या पायबसबाई आत आल्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, त्यावर चिखल, आणि काखेत एक निथळती कोंबडी.

"तुझी टाकी माझ्या खुराड्यात आलीये," त्या म्हणाल्या.

ओडेटने त्यांच्याकडेही ओठांवर बोट ठेवून पाहिलं.

"ही मुकी आहे का?"

"नाही हो. असती तर बरं झालं असतं," म्हणत ब्रॉनविन बाहेर धावली. तिने पंपाचं बटण बंद केलं आणि टाकीवर थाप मारली. टाकी रिकाम्या पिंपासारखी वाजली. नळीचं टोक खाली नेच्याच्या झुडपात पडलेलं, आणि तिथून उताराने पायबसबाईंच्या कुंपणापर्यंत चकचकीत चिखलाचा ओहोळ.

"ओडेट! तू हे बंद केलंस?"

सूर्य अजून मावळला नव्हता, पण ओडेटने मौन सोडलं. "केलं ना. अगदी घट्ट."

"कुठल्या बाजूला फिरवलंस?"

"डावीकडे. घट्ट होईपर्यंत."

"मी उजवीकडे म्हटलं होतं."

"हो, पण ती उत्तरेकडची रीत. ती सगळी पुस्तकं उत्तर गोलार्धात लिहिलेली आहेत, ब्रॉन. तिथे सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे उजवीकडे फिरतो. आपल्याकडे उत्तरेकडून जातो, म्हणजे डावीकडे. साधना चालू असताना चमचा, झाडू, काहीही फिरवायचं ते सूर्याच्या दिशेने. उजवीकडे फिरवलं की सगळं उसवतं. आणि ते चाक थांबलं की शेवटी! पुढे फिरेचना."

ओडेटचं खगोलशास्त्र बिनचूक होतं. ब्रॉनविनला तेच जास्त लागलं. चाक पूर्ण उघडलं तरी थांबतं आणि पूर्ण मिटलं तरी थांबतं. नळी दिसेनाशी झुडपात, त्यामुळे ओडेटला पाणी दिसलं नाही. मिनिटाला पंचवीस लिटर, चार तास. हिशेब चोख जुळत होता.

"पोरी," पायबसबाई कोंबडी दुसऱ्या काखेत घेत म्हणाल्या, "पितळेला गोलार्ध कळत नाही."

पुढचं सगळं ओळीने आलं. टाकी कोरडी, म्हणजे शेगडीमागून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांत नवं पाणी येणार नाही, म्हणजे शेगडी विझवणं आलं. ती विझवली. खुराड्यात घोटाभर चिखल, आज रात्री दव गोठणार आणि ओल्या कोंबड्या थंडीत जगणार नाहीत, म्हणून पायबसबाईंनी अकराच्या अकरा कोंबड्या ब्रॉनविनच्या कपडे धुण्याच्या खोलीत आणून सोडल्या. नको म्हणायला तोंड नव्हतं. चिखल टास्करांचाच होता. घरात पाणी उरलं होतं ते फक्त टबात. खारट, रोझमेरीचा वास आणि वर तरंगणाऱ्या साली. त्यात स्नान करणं आता परवडणारं नव्हतं, कारण संडासात ओतायला तेवढंच होतं.

"निदान वास चांगला येतोय," ओडेट म्हणाली.

"तू आता बोलू नकोस. मौन धर."

"आता सूर्य मावळला."

पायबसबाईंनी घरी जाऊन पाणीवाल्या ॲम्ब्रोझ डायरीनला फोन केला. रविवारी सकाळी सातला येतो म्हणाला, रस्त्यावर कुणीतरी उभं राहून टाकी दाखवा, वळण अवघड आहे. त्या रात्री ब्रॉनविन तीन पांघरुणं आणि कोट घालून पडली. कोंबड्यांना नवी जागा मानवली नाही, आणि त्यांनी ते पहाटेपर्यंत सांगितलं. त्या जरा थांबल्या तेव्हा ओडेट उठली. हंगामातल्या पहिल्या गोठलेल्या दवावर अनवाणी चालायचं राहिलं होतं.

सातला ब्रॉनविन रस्त्यावर उभी होती. डोळे लाल, नाक निळं. मोठा ट्रक घरघरत वर आला. ॲम्ब्रोझ साठीचा, चौकोनी, शब्द जपून वापरणारा माणूस. त्याने नळी जोडली आणि तिच्याकडे बघितलं.

"चाळीस मिनिटं लागतील. आत बस. हीटर चालू आहे."

आत गुबगुबीत सीट होती. पायांवर गरम हवा येत होती. इंजिनाची एकसुरी घरघर, कुणी बोलत नव्हतं. ब्रॉनविन पाच मिनिटांसाठी बसली.

तिला जाग आली तेव्हा समोर अनोळखी डोंगर होता, मेंढ्या होत्या, आणि ऊन पश्चिमेकडून येत होतं. अंगावर कुणाचा तरी लोकरी स्वेटर. बाजूला ॲम्ब्रोझ मटण भरलेली पाई खात होता.

"किती वाजले?"

"साडेतीन."

"साडे... आपण कुठे आहोत?"

"सिग्नेट गावाच्या पलीकडे. हे आजचं पाचवं घर."

"मला उठवलं का नाहीत?"

ॲम्ब्रोझने थोडा विचार केला. "कुणी सांगितलं नव्हतं."

साडेआठ तास. ब्रॉनविनने डोळे मिटून पाहिले. सफरचंदं दिसेनात. हातही गप्प पडून होता. उरलेली अर्धी पाई त्याने तिच्यापुढे केली आणि तिने ती तीन घासांत संपवली.

ट्रक घरासमोर थांबला तेव्हा पाच वाजत आले होते. ओडेट आणि पायबसबाई दोघी ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ओडेटच्या केसांत कोंबडीचं पीस, कोपरापर्यंत चिखल, डोळे खोल गेलेले. दिवसभर तिने खुराडं उपसलं होतं, अकरा कोंबड्या एकेक करून परत नेल्या होत्या आणि कपडे धुण्याची खोली घासली होती. मध्येच बहीण नाहीशी झाली म्हणून घराभोवती परतबोलावणीच्या फेऱ्याही घातल्या होत्या.

"आधी डावीकडून सात," पायबसबाई म्हणाल्या. "मग मी म्हटलं उजवीकडून घालून बघ. सात त्याही घातल्या. मीच दमले बघून. शेवटी ॲम्ब्रोझच्या बायकोला फोन केला, तेव्हा कळलं."

"कुठे होतीस?" ओडेट रडवेली झाली. मग तिने बहिणीचा चेहरा नीट पाहिला. गालांवर रंग होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अर्धी उतरली होती. ओडेट हळूहळू उभी राहिली. "ब्रॉन... तू झोपलीस!"

"हो."

"म्हणजे लागू पडलं! मी म्हटलं नव्हतं? उशिरा का होईना, लागू पडलं!"

ब्रॉनविनने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, चांगलं दणदणीत होतं. पण ती मुळात सरळ डोक्याची बाई. मनात सगळी साखळी मागे मागे तपासत गेली. झोप लागली ट्रकमध्ये. ट्रक आला टाकी रिकामी म्हणून. टाकी रिकामी व्हॉल्व्ह उघडा म्हणून. व्हॉल्व्ह उघडा, कारण तो डावीकडे, घट्ट होईपर्यंत. एकही दुवा निखळेना. तिने तोंड मिटलं.

"मी जरा टेकते," म्हणून ओडेट आत गेली आणि ब्रॉनविनच्याच पलंगावर, बुटांसकट, आडवी झाली. मिनिटाभरात तिचं घोरणं ओट्यावर ऐकू यायला लागलं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येणार होती. हिवाळ्याचा अभ्यासक्रम वेगळा होता.

ॲम्ब्रोझने इंजिन सुरू केलं. ब्रॉनविन धावत ट्रकपाशी गेली आणि खिडकीच्या काचेवर टकटक केलं.

"पुढच्या रविवारी किती घरं आहेत?"

त्याने वही चाळली. "सहा. का? तुझी टाकी तर गळ्यापर्यंत भरलीये."

"टाकीचं राहू द्या," ती म्हणाली. "मला किती वाजता घ्यायला येता ते सांगा."