बाकाखालच्या टिलीसाठी सूचना

आमच्या बर्फाच्या रिंकवरचे लाउडस्पीकर टेलिफोनला जोडायचं काम माझ्याइतकं चोख गावात कुणी केलं नसतं, असं माझं आजही मत आहे. त्यासाठीच्या यंत्राच्या डब्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी बाळाच्या औषधाच्या बाटलीसारखं वाचलं होतं. आधी धोक्याच्या सूचना, मग उरलेलं.

डबा साधाच. बर्फाचं वादळ आलं की गाड्या निघत नाहीत आणि सरावाला आलेली पोरं रिंकवर अडकतात. अशा वेळी घरून फोन करून सूचना देता यावी, म्हणून रिंकच्या कमिटीने तो घेतला. रिंकचा नंबर लावायचा, डबा आपणहून फोन उचलतो आणि शिट्टी देतो. शिट्टीनंतर एक दाबलं की आवाज मैदानावर, दोन दाबलं की कपडे बदलायच्या खोल्यांत, तीन दाबलं की बाहेर गाड्यांपाशी. आणि काहीच दाबलं नाही तर? हा प्रश्न कमिटीतल्या कुणाला पडला नाही, मला पडला. समजा आग लागली, तर घाबरलेल्या माणसाला नंबर आठवतील का? म्हणून मी सोय केली, की नंबर मिळाला नाही तर आवाज सगळीकडे जाईल. कमिटीने मान डोलावली. माझा नवरा कर्टिस रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. तो म्हणाला, "हिच्या डोक्यात रोज कुठे ना कुठे आग लागलेलीच असते."

मार्चमध्ये बर्फावरच्या नाचाचा कार्यक्रम होता आणि आमची टिली त्यात हिमकण होणार होती. पाच वर्षांची टिली आई दारात उभी नसेल तर दातसुद्धा घासत नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात मी उभी राहीन, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी धाकट्या ऑगीच्या अंगावर पुरळ उठलं. नर्सने फोनवर बजावलं की बाळाला गर्दीत नेऊ नका. त्याला ठेवणार कुणापाशी? अख्खं गाव रिंकवर. शेवटी माझी नणंद नेटी टिलीला घेऊन गेली. गाडीच्या काचेतून टिली माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच तिला विकलं होतं.

थोड्या वेळाने मोबाइलवर नेटी. "वहिनी, तुझा हिमकण बाकाखाली शिरलाय. बाकीच्या पोरी रांगेत गेल्या. ही म्हणते, मम्मा आल्याशिवाय निघणार नाही."

"ओढू नकोस तिला."

"ओढत नाहीये गं, बिस्किट दाखवतेय."

मी नेटीला खोलीच्या दाराबाहेर थांबायला सांगितलं. माझ्याकडे डबा होता ना! दोन नंबर दाबायचा आणि रिकाम्या खोलीत फक्त माझ्या लेकीशी बोलायचं. असा उपयोग कमिटीच्या स्वप्नातही आला नसेल. ऑगी कडेवर रडत होता. मी घरच्या फोनवरून रिंकचा नंबर लावला आणि दोन दाबून मोकळी झाले. मग शिट्टी वाजली. आधी शिट्टी, मग नंबर, हे इतरांना पाठ करायला लावणारी मीच. पण त्या क्षणी मला वाटलं, डबा होकार देतोय. मी बोलू लागले.

टिलीला सांगितलं, की मी मम्मा आहे आणि आधी शू करून घे, नंतर बर्फावर आठवतेच. नाक पूस. आजीने दिलेल्या बटाटा भरलेल्या पिरोग्या आत्ता खाऊ नकोस, त्या पोटात दगडासारख्या बसतात. पडलीस तर पड. पप्पा तर ते भलंमोठं यंत्र घेऊन भिंतीत घुसले होते आणि रात्रीतून गुपचूप रंग लावून आले, काही झालं का? घाई करू नकोस, हळू जा, अगदी हळू.

पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. खोलीत एकटं असताना माणूस बोलतं तसं मग मी बोलत गेले.

"टिली, तुला वाटतं मम्माला भीती वाटत नाही. मला सारखी वाटते. तू पडशील म्हणून नाही गं, तू पडशील तेव्हा मी तिथे नसेन म्हणून. पण मी नसले तरी तू उठशील. उठशील ना?"

मोबाइल वाजला. पुन्हा नेटी. "वहिनी, पुरे आता. स्वच्छतागृहापाशी अर्ध्या गावाची रांग लागलीय."

हळूहळू सगळं कळलं. शेजारच्या हॉलमध्ये बर्फावरून दगड सरकवणारे म्हातारे ऐन अटीतटीच्या फेरीत होते. 'अगदी हळू' ऐकून व्हर्नन आजोबांनी दगड इतका हळू सोडला, की तो निम्म्या वाटेत थांबला. गाड्यांत हीटर लावून बसलेले बाप डोळे पुसत आत आले आणि थंडीमुळे पाणी आलं म्हणाले. सासूबाई खाण्याच्या खिडकीत पिरोग्या विकत होत्या. त्यांच्यासमोरची गर्दी पांगली. भिंतीचा रंग बघायला मात्र कमिटी घोळक्याने गेली.

"आणि टिली?" मी विचारलं.

"अगं, तुझं बोलणं संपलं आणि दार उघडून बाहेर आली. सरळ बर्फावर गेली. दणकून आपटली. उठली. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं."

मी ऑगीला घट्ट धरलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. बदनामी झाली तर झाली. माझा आवाज पोरीपर्यंत पोचला होता.

संध्याकाळी मंडळी घरी आली. कर्टिस माझ्याकडे बघेना. सासूबाईंनी टेबलावर पिरोग्यांचा डबा ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, दगड आणलेत. गरम आहेत तोवर खा."

टिलीचे बूट काढताना मी हळूच विचारलं, "मम्माचं ऐकून निघालीस ना?"

"काय ऐकून?"

मी कर्टिसकडे पाहिलं. त्याला तेवढीच संधी हवी होती. त्या खोलीत हॉकीची पोरं बसतात आणि कोचची बोलणी नकोत म्हणून त्यांनी स्पीकरमध्ये मोजा कोंबून वर चिकटपट्टी मारली आहे, हे रिंकवर सगळ्यांना माहीत आहे म्हणे. सगळ्यांना म्हणजे, माहितीपुस्तक न वाचलेल्या सगळ्यांना.

"मग बाहेर कशी आलीस गं?" मी विचारलं.

टिलीने डब्यातली एक पिरोगी उचलली.

"बाकाखाली ढुंगणाला गार लागत होतं," ती म्हणाली.