अण्णा सालोत्र्यांचं नाक

अण्णा सालोत्री माणसांशी अरे-तुरे करायचे आणि घोड्यांशी अहो-जाहो. "बाईसाहेब, जरा तोंड उघडतासा?" असं माझ्या घोडीला विचारायचे आणि त्याच दमात माझ्यावर खेकसायचे, "तू दात काढून काय हुबा ऱ्हायलास? लगाम धर की!" दात मी काढलेले नसत, ते भीतीने वाजत असत. पण अण्णांना हे सांगायची छाती कुणाची?

सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. अण्णांचा जन्म संस्थानी पागेत गेला. संस्थान गेलं, पागा मोडली, आणि ते शिवाजी पेठेत एका खोलीत येऊन राहिले. तिथून बाहेर पडले की दिसेल त्या घोड्याचं तोंड हुंगत जायचे. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. पोस्टमन म्हणजे "त्यो, म्होरच्या दातात फट असल्याला." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर मुलगी लाजून हसली. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "एकोणीस सांगतासा, पर बावीसच्या आत न्हाय. तोंड खोटं बोलतंय, दात न्हाय." ते लग्न तिथेच मोडलं.

मी भुसावळकडचा. शाळा चौथीत सुटली, आणि पोटामागे फिरत कोल्हापुरात टांगा हाकायला लागलो. टांगा मालकाचा, घोडीही मालकाची. तिचं नाव चंद्री. तबेल्यात मी तिच्या शेजारीच झोपायचो. माझ्या पावलांच्या आवाजाला मान वळवणारं या गावात दुसरं कोणी नव्हतं.

एका सकाळी चंद्रीने गवत नुसतं चघळलं आणि त्याचा ओला बोळा खाली टाकला. दिवसभर तेच. मग तिची उजवी नाकपुडी वाहू लागली. पिवळट, आणि घाण अशी की जवळ उभं राहवेना. स्टँडवरच्या म्हादू टांगेवाल्याने आपला घोडा लांब नेऊन बांधला.

"पावणं, त्यो नाकाचा रोग हाय बघा," तो लांबूनच ओरडला. "आमच्या आज्ज्याच्या घोड्याला झालता. सरकारनं गोळी घातली. माणसालाबी लागतोय म्हंत्यात. तुम्ही तिच्याजवळच झोपतासा न्हवं?"

झोपत होतो. त्या क्षणापासून मला माझंही नाक वाहतंय असं वाटू लागलं. मी ते सारखं बाहीने पुसून बाही उजेडात धरून बघायचो. स्वतःपेक्षा चंद्रीची भीती जास्त होती, की चंद्रीपेक्षा स्वतःची, हे आजही मला सांगता येणार नाही. मालक म्हणाले, "अण्णांना दाखव. त्यांनी रोग म्हटलं, तर मला सरकारात कळवावं लागेल."

अण्णा आले. अख्खा स्टँड रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मी लगाम धरला होता, पण खरं तर लगामानेच मला धरलं होतं. अण्णांनी आपला गाल आधी एका नाकपुडीपाशी नेला, मग दुसऱ्या. नाकात डोकावून पाहिलं. जबड्याखाली बोटं फिरवली. मग पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या बिनदातांच्या जागेतून चंद्रीची जीभ बाजूला ओढून मुठीत धरली.

"चावेल ना, अण्णा!"

"सोताची जीभ कोण चावंल, येड्या?" म्हणत त्यांनी दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटले. चंद्री थरथरत होती. अण्णांनी आत काहीतरी दाबलं, तशी तिने मान झटकली. त्यांनी हात बाहेर काढला, बोटं हुंगली, पुन्हा हुंगली, आणि माझ्या नाकाला लावली.

"हुंग."

मी झटक्यात मान मागे घेतली.

"कसला वास हाय?"

"कु... कुजल्याचा."

"मग? दाढ कुजलीया. वरची. तिचं मूळ नाकाच्या पोकळीला भिडलंय, म्हणून एकच नाकपुडी वाहतीया. नाकात फोड न्हाय, जबड्याखाली गाठ न्हाय. रोगबिग काय न्हाय."

मी तिथेच लिदीत बसलो आणि रडलो. पलीकडून म्हादूने विचारलं, "अण्णा, नक्की न्हवं?"

"हिकडं ये. तुझं तोंड बघतो, मग सांगतो!"

म्हादू टांग्याआड गेला.

दाढ हलत होतीच. दुसऱ्या दिवशी चौघांनी चंद्रीला धरलं आणि अण्णांनी ती चिमट्याने उपटली. मग रोज सकाळी ते मिठाच्या पाण्याने तिचं तोंड धुवायला येऊ लागले. आले की मला हाकलायचे, "जा, च्या पिऊन ये." एकदा टोपी विसरली म्हणून मी परतलो, तर आतून हळू आवाज आला.

"बाईसाहेब, काल पिठलं खारट झालं. टाकायचं कशाला, म्हणून खाल्लं. पर खारट झालं हे सांगायचं कुणाला?"

टोपी राहू दिली. बोडक्या डोक्यानेच चहाला गेलो.

चंद्री पोटभर खाऊ लागली. नाकपुडी कोरडी झाली, दाढेची जागा भरून आली. एका सकाळी मी अण्णांचे पाय धरले. "अण्णा, तुमच्यामुळे ती वाचली, मीही वाचलो. आता तुम्ही रोज तंगडतोड करू नका."

अण्णा मिठाच्या पाण्याचा तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. एवढा खेकसणारा माणूस, पण त्या घटकेला त्यांचा चेहरा पार घाबरलेला होता. मग ते वाकले, चंद्रीच्या तोंडापाशी नाक नेलं आणि हळूच म्हणाले,

"अजून वास हाय."

मीही वाकलो. चंद्रीच्या तोंडाला ओल्या गवताचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते.

"हो अण्णा," मी म्हणालो, "आहे. उद्या या."