कालव्याने चार मैल

घाई हा माणसाचा शत्रू आहे, हे सत्य ज्यांना कुठेही जायचे नसते अशा लोकांनी शोधून काढले आहे. हेड्ली प्लंटने ते निवृत्तीच्या दिवशीच स्वीकारले. बत्तीस वर्षे इंग्लंडच्या शाळांत भूगोल शिकवून झाल्यावर त्याने घर विकले आणि कालव्यात राहायला अठरा मीटर लांब, दोन मीटर रुंद अशी बोट घेतली. (दोन मीटर बाहेरून. आत कपाटे वगळता एका वेळी एकच माणूस चालू शकतो. त्यामुळे संसारात भांडणे होत नाहीत, असे हेड्ली सांगतो. त्याची बायको डोरीन यावर काही बोलत नाही. तिला मागे वळायला जागा नसते.)

त्यांची नात टॅम्झिन, वय वर्षे सात, शाळेच्या नाटकात कोल्हा झाली होती. नाटक शुक्रवारी तीन वाजता.

"आजोबा, पहिल्या रांगेत बसायचं हं," तिने बजावले होते. "माझं एकच वाक्य आहे. उशीर केलात तर संपून जाईल."

हेड्लीने शब्द दिला. शाळा कालव्याच्या काठालाच होती, चार मैलांवर.

"बस अकरा मिनिटांत जाते," डोरीन म्हणाली.

"बसनेच जायचं तर बोट कशाला घेतली?"

हा युक्तिवाद बिनतोड असल्यामुळे दोघे सकाळी आठ वाजता बोटीने निघाले.

कालव्यात ताशी चार मैल वेगाची परवानगी आहे. म्हणजे नऊला पोचायला हवे, असे ज्याला वाटेल त्याचे गणित पक्के आणि अनुभव कच्चा आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन जवळजवळ झोपवावे लागते. नाहीतर बांधलेली बोट हलते, आणि ती हलली की बाहेर येऊन ओरडणे हे तिच्या मालकाचे कर्तव्यच असते. त्या सकाळची नोंद अशी: बांधलेल्या बोटी एकाहत्तर. "सावकाश!" म्हणून ओरडलेले तेवीस. त्यासाठी दाढी अर्धी टाकून आलेला एक. मागून येऊन पुढे निघून गेलेले: एक आजीबाई, त्यांचा लंगडा कुत्रा आणि पिल्लांसह एक बदक.

"शर्यत लावलीय का हो?" कप हातात घेतलेला एकजण ओरडला. "अर्धा चहा बशीत आला माझा!"

हेड्लीला राग आला नाही. स्वतःची बोट बांधलेली असते त्या दिवशी त्याचाही आवाज चांगला लागतो.

अकरा वाजता बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात कुणाची तरी विजार अडकली. ती काढायला बोटीच्या तळाशी एक झाकण असते. त्यातून खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालून तासभर चाचपडले, की माणसाला निसर्गाचे सान्निध्य लाभते. (विजार चांगली निघाली. मापाची नव्हती.)

दीडला शेवटचे लॉक आले. लॉक म्हणजे कालव्याचा जिना. बोट दोन दारांमधल्या हौदात घ्यायची, पाणी भरायचे, बोट वर येते. हौदाचे पाणी ज्याच्या पातळीला असेल त्याची पाळी पहिली. हौद वरपर्यंत भरलेला होता, आणि वरच्या बाजूला एक हिरवी बोट इकडेच तोंड करून उभी होती. पाळी तिची. हेड्ली खाली थांबला.

दोन वाजले.

"पुलावरून सव्वादोनची बस आहे," डोरीन म्हणाली. "येतोस?"

"समोरून बोट येतेय. पाळी सोडून जायचं म्हणजे काय?"

"येतेय? ती मघापासून तिथंच आहे."

"सभ्य लोक दिसतायत. घाई नाही त्यांना."

डोरीन पर्स घेऊन उतरली. तीनला पाच मिनिटे असताना हिरव्या बोटीतून एक बाई डोकावली. वेरा क्रॉम्टन असे तिचे नाव.

"जेवायला थांबलात वाटतं?" तिने विचारले.

"छे! तुमच्यासाठी थांबलोय. या ना तुम्ही!"

"मी कुठं येऊ? मी मंगळवारपासून बोट इथंच बांधलेय!"

तिला इतके वाईट वाटले की तिने हेड्लीला केक दिला. कालव्यावर केक नाकारता येत नाही.

तो शाळेत पोचला तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि खुर्च्या उचलणे चालू होते.

"कशी झाली आपली टॅम्झिन?" त्याने जावयाला विचारले.

"झकास! सगळं फोनमध्ये घेतलंय," कॉलिन म्हणाला. "मी नीट नाही पाहिलं, फोन हलेल म्हणून. घरी निवांत बघू."

शेजारच्या बाईंनी हेच सांगितले. त्यांच्या शेजारच्यांनीही.

"तू तर वेळेवर आलीस," हेड्ली डोरीनला म्हणाला. "तुला काय दिसलं?"

"हात," डोरीन म्हणाली. "वर धरलेले. छान हात होते."

टॅम्झिन शेपूट धरून कोपऱ्यात उभी होती. हेड्लीने एक खुर्ची परत आणली, रिकाम्या मंचासमोर ठेवली आणि तिच्यावर बसला. टॅम्झिन मंचावर चढली, कान सरळ केले आणि म्हणाली, "कोंबड्यांनो, मी फार लांबून आलोय!"

हेड्लीने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

अधिकृत आकडे असे: नाटकाला वेळेवर हजर चौऱ्याऐंशी. चित्रण करणारे एक्केचाळीस. ते चित्रण नंतर पाहिलेले, अद्याप माहिती नाही. कोल्हा डोळ्यांनी पाहिलेले, एक. आपल्याही फोनमध्ये असे एखादे नाटक असेलच, कारण आपण वेळेवर पोचणारी माणसे. त्यातले आपल्या पोराचे वाक्य आठवत असल्यास कृपया कळवावे. घाई नाही.