भाऊजींचं तटस्थ राष्ट्र

परातीतल्या ज्वारीच्या पिठात बोटानं युरोप काढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या घरी होता. माझे धाकटे दीर, व्यंकटभाऊजी. मी पाणी ओतायला गेले की हात आडवा घालायचे, "वैनी, थांबा! फ्रान्स बुडंल!"

भाकरीला उशीर झाला की बोलणी मात्र मला बसायची.

भाऊजी हैदराबादेत बी.ए. करत होते. विषय कोणता, तर जगातल्या देशांचे आपसातले संबंध. उर्दूत त्याला लांबलचक नाव होतं, ते म्हणताना भाऊजींची छाती फुगायची. निजामाच्या राज्यात, आमच्या झरीसारख्या गावात याचा उपयोग काय, असं सगळेच विचारायचे. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "मसला समजून घ्या." मसला म्हणजे वादाचा मूळ प्रश्न. आडावर दोन बायकांची जुंपली तरी हे मध्ये उभे. "मसला समजून घ्या. जो आधी समेटाचं बोलतो, त्यो मोठा." मग दोघी मिळून यांच्यावरच घसरायच्या. भाऊजी तह झाला म्हणून खुशीत घरी येत.

घरचा तह मात्र काही होईना. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुलगा वकील हवा होता. बांधावरून भावकीशी खटला चालला होता. "आपला बांध लोकं कोरायलेत, अन् ह्यो फ्रान्सचा बांध राखायलाय!" वकिलीकडे वळेपर्यंत पोराशी बोलणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. भाऊजीही त्यांचेच चिरंजीव. "बी.ए. करीन तर ह्याच विषयात. अन् अप्पा बोलल्याबिगर मी बोलणार न्हाई."

सासूबाई कधीच गेल्या होत्या. माझे मालक बारमाही आखाड्यावर, शेतातल्या खोपीतच मुक्कामाला. राहिले मी. "वैनी, तुमी तटस्थ राष्ट्र," असं म्हणून भाऊजींनी मध्यस्थी माझ्या गळ्यात मारली. आता आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांशी बोलायची रीत नाही. मी आपली पदर ओढून दाराला सांगायची, "दारा, भाऊजींना उद्या गाडी पाहिजे म्हणं." मामंजीही दाराकडेच बघून म्हणायचे, "बैलं मोकळी न्हाईत म्हणावं." भाऊजी हाताच्या अंतरावर बसून सगळं ऐकत असायचे.

शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत मी बाळंतपणाला माहेरी, सोनपेठला गेले. मागं या दोघांचं कसं होईल, याचा मला घोर लागला होता. बाळ घेऊन परतले तेव्हा शेजारच्या सरूबाईनं सगळं सांगितलं. भाऊजी स्वतः भाकरी थापायचे. ताट मामंजींपुढं ठेवून दाराआड जायचे आणि म्हणायचे, "दारा, अप्पांना सांग, करपलीय, पण जेवा." त्यांचं जेवण होईस्तोवर तिथंच उभे राहायचे. मामंजी हात धुताना दाराला विचारायचे, "त्यो जेवला का?"

ऐकून मला हसू आलं आणि डोळेही भरले.

भाऊजी हैदराबादेला निघाले त्या दिवशी मामंजींनी न सांगता गाडी जुंपून ठेवली होती. बाळाला मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. मामंजी बाळालाच म्हणाले, "काकाला म्हणावं, परीक्षा झाली की ये. घर लय मोठं लागायलंय."

भाऊजी मला खुणावू लागले, उत्तर कळवा म्हणून. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. तटस्थ राष्ट्र होते ना मी!

शेवटी त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि मामंजींच्या पायावर डोकं टेकलं. "अप्पा, विषय मी बदलणार न्हाई." मग मान वर करून म्हणाले, "पण तुमी येळेवर जेवत जा."

मामंजींचा हात त्यांच्या डोक्यावर बराच वेळ तसाच राहिला.

"फ्रान्स," मामंजी म्हणाले, "हैदराबादच्या लय पुढं हाय का रं?"

गाडीवान ओरडत होता. भाऊजी मात्र तिथंच मांडी घालून बसले आणि ओट्यावरच्या मातीत बोटानं युरोप काढू लागले. मी हातातला पाण्याचा तांब्या लांब नेऊन ठेवला.