हवालदार शेलारांच्या बंदुकीची दुर्बीण

पतसंस्थेच्या दारात एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या बंदुकीला आषाढात कमी दिसू लागलं, आणि तिनं ते लपवून ठेवलं. लपेल किती दिवस? गणपती गेल्यानंतरच्या सोमवारी चेअरमनसाहेबांच्या मातोश्री आत शिरत होत्या. त्यांना ती म्हणाली, “कोण आहे? हात वर करा.” मातोश्रींनी हात वर केले. एका हातात पासबुक होतं, दुसऱ्यात दुधी भोपळा.

रंगराव शेलारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेलार फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बंदूक त्यांच्याच परवान्यावरची, बारा बोअरची, पंप-ॲक्शन, म्हणजे पुढची मूठ मागं ओढून पुन्हा पुढं सारली की नवं काडतूस चढतं. पतसंस्थेनं दोघांना एकाच पत्रानं नेमलं होतं. हजेरीपटावर एकच सही असायची, शेलारांची, कारण बंदुकीचं अक्षर चांगलं नव्हतं.

“कधीपासून?” दुपारी डबा उघडता उघडता शेलारांनी विचारलं.

“आषाढापासून. आवाजावर भागवत होते.”

“मला सांगायचं नाही होय?”

“तुम्हाला तरी कुठं दिसतंय, हवालदार? परवा सुट्टीच्या पाटीवर काय लिहिलंय ते तुम्ही मला विचारलंत. मी अंदाजानं सांगितलं. चार माणसं माघारी गेली.”

खोटं नव्हतं ते. शेलारांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकला होता. पण पहारेकऱ्याची नजर तपासायचा नियम नाही. बंदुकीची मात्र दर तीन वर्षांनी तपासतात, आणि यंदा पाळी होती. नापास झालेली बंदूक तहसीलच्या जमा खोलीत जाते. तिथून परत आलेली कुणी पाहिलेली नाही.

नोकरी जाईल याचं शेलारांना फारसं काही नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी तिकडं नांदेडला. दिवसभरात बोलायला ही एकच. ही गेली तर बोलायचं कुणाशी, हा घोर त्यांना लागला, आणि त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिला घेऊन मेहबूब शिकलगाराकडे गेले. शिकलगार तीन पिढ्या बंदुका दुरुस्त करणारा. त्यानं तिला खिडकीशी आडवी ठेवली, एक लांब नळीची दुर्बीण वर धरली आणि विचारलं, “आता?”

“समोरच्या चहावाल्याच्या नाकावर तीळ आहे,” बंदूक म्हणाली. “आणि तो दूध पातळ करतोय.”

“लांबचं झालं हे. तुझं काम दहा-वीस पावलांचं, लोकांची दुधं कशाला बघतेस? आता बघ.” त्यानं काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, डबीसारखी दुर्बीण धरली. पुढच्या बाजूला काच, काचेत मधोमध लाल ठिपका. “ठिपका दिसतो?”

“दिसतो.”

“त्याच्या आजूबाजूचं?”

“सगळं दिसतं.”

मग शिकलगारानं समजावून सांगितलं. पाठीवर चार बारीक भोकं पाडायची, त्यांना आटे पाडायचे, वर पट्टी बसवायची, पट्टीवर डबी. गोळीच्या धक्क्यानं स्क्रू ढिले होतात, म्हणून त्यांना चिकटा लावायचा.

“दुखेल?” तिनं विचारलं.

“ऑपरेशन म्हटल्यावर थोडं होणारच.”

“बरं. पण डबी उंच बसवू नका. उंच बसली की माणसाचा गाल खांद्याला लावायच्या दस्त्यावरून सुटतो. हवालदारांचा गाल सुटता कामा नये.”

शेलार बाहेर जाऊन उगाच चप्पल झटकून आले.

संध्याकाळी काम झालं. शिकलगारानं तिला उचलून शेलारांच्या हाती दिलं. तिनं डबीतून त्यांचा चेहरा नीट पाहिला. मग म्हणाली, “हवालदार, तुम्ही म्हातारे झालात की हो.”

“तुलाच उशिरा कळलं.”

“वाईट वाटलं.”

“मलाही वाटतं,” शेलार म्हणाले. “चल, एसटी चुकेल.”

तपासणीसाठी नायब तहसीलदार खोब्रागडे येणार होते ते नेमके खंडेनवमीला, कारण दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. खंडेनवमीला पतसंस्थेत सकाळीच शस्त्रपूजा होते. टेबलावर लाल कापड, त्यावर तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, कागद टोचायच्या सुया आणि मध्ये बंदूक. पूजा शाखाधिकारी उपाध्येबाईंनी केली. दर वर्षी त्या बंदुकीच्या कपाळी, म्हणजे पाठीवरच्या सपाट जागी, हळदीकुंकू लावत. यंदा त्या जागी डबी होती. उपाध्येबाईंनी सवयीनं बोट टेकवलं आणि काचेवर ओलं हळदीकुंकू ठसठशीत लागलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. बंदुकीलाही नाही, बायका कुंकू लावत असताना ती दर वर्षी गप्पच राहते.

दुपारी खोब्रागडेसाहेब आले. त्यांनी वीस पावलांवर अक्षरांचा तक्ता टांगला.

“वरची ओळ वाचा.”

“लाल,” बंदूक म्हणाली.

“खालची?”

“ती पण लाल. कडेला जरा पिवळी.”

साहेब जवळ आले, वाकून पाहिलं. “काच पुसून घ्या.”

“साहेब, पूजा झालीय,” उपाध्येबाई म्हणाल्या. “दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत.”

“मला आजच अहवाल द्यायचाय, बाई. पुसा, नाहीतर नापास.”

“पुसा, हवालदार,” बंदूक हळूच म्हणाली. “जमा खोलीत मला करमणार नाही.”

शेलारांनी रुमाल काढला. काचेपर्यंत नेला. तिथं त्यांचा हात थांबला आणि थांबलाच. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा सरकला.

“नाही जमायचं साहेब,” ते म्हणाले. “मी जिवंत असताना मी हिचं कुंकू पुसणार नाही.”

शाखेतल्या सगळ्यांनी मान डोलावली. साहेबांनीही डोलावली, कारण यात अयोग्य काही नव्हतं. पण नियम तो नियम. त्यांनी ‘नापास’ असं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि मग नियमांचं पुस्तक चाळता चाळता एका पानावर अडखळले.

“एक अडचण आहे,” ते म्हणाले. “सवाष्ण शस्त्र एकटं जमा करून घेता येत नाही. ज्याच्या नावाचं कुंकू, तोही सोबत जमा करावा लागतो. कुणाच्या नावाचं आहे हे?”

रोखपालानं खिडकीचा पडदा सरळ केला. शेलारांनी बुटांकडे पाहिलं, टाचा जुळवल्या.

“माझ्या,” ते म्हणाले. “शेलार रंगराव बाबूराव, हवालदार, निवृत्त.”

बंदुकीला तसंही सगळं लालच दिसत होतं.

पंचनामा झाला. पतसंस्थेनं दोघांना नारळ आणि शाल दिली. तहसीलच्या जमा खोलीत कारकुनानं बंदुकीची काडतुसं काढून घेतली, शेलारांचे बूट काढून घेतले. चिठ्ठी दोऱ्यानं बंदुकीच्या पट्ट्याला बांधली, तशीच एक शेलारांच्या सदऱ्याच्या गुंडीला. दोघांना खालच्या फळीवर जागा दिली, कारण शेलारांचे गुडघे दुखत. रात्री मुलीचा फोन आला, तेव्हा आपण जमा आहोत आणि जेवण बरं आहे, असं त्यांनी सांगितलं.

दसऱ्याला कारकून आपट्याची पानं देऊन गेला. एक पान शेलारांनी तिच्या पट्ट्यात खोचलं. मग करंगळीशेजारच्या बोटानं काचेवरचं कुंकू अलगद खाली ओढून पट्टीवर घेतलं. पुसलं नाही, जागेवरून सरकवलं फक्त.

“दिसतंय?”

“लख्ख.”

“मग ही पावती वाच. काल दिलीय, मला अक्षर लागत नाही.” त्यांनी कागद काचेसमोर धरला.

“‘पंप-ॲक्शन बंदूक, बारा बोअर, दुर्बिणीसह,’” ती वाचू लागली. “‘हवालदार, चष्म्याविना. दोन्ही चालू स्थितीत. नग दोन.’ नाही, थांबा. ‘नग दोन’ खोडलंय.”

“मग काय लिहिलंय?”

“एक जोडी.”

शेलारांनी पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली, फळीवर जरा सरकून बसले आणि गाल दस्त्याला टेकवला. डबी बरोबर उंचीवर बसली होती.